लहान प्रादेशिक विमानतळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमानतळ म्हटलं की सरकते जिने, काचेच्या भिंती आणि लांबलचक रांगा डोळ्यांसमोर येतात. इथे ज्या विमानतळांबद्दल लिहिलं आहे, तिथे यातलं काहीच नसतं. बेटांवरच्या, डोंगरातल्या, माळरानावरच्या वस्त्यांना बाकी जगाशी जोडणारे हे तळ. त्यांच्याबद्दल लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं एका जागी दिली आहेत.

"लहान" म्हणजे नेमका किती लहान?

सर्वांनी मान्य केलेली एकच व्याख्या नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, तळांना १ ते ४ असे संकेतांक देते. तिथे येणाऱ्या विमानाला प्रमाण परिस्थितीत किती धाव लागते, यावरून ते ठरतात. ८०० मीटरच्या आत भागत असेल तर १, आणि १,८०० मीटर किंवा त्याहून जास्त लागत असेल तर ४. ग्रामीण भागातले बरेचसे तळ १ ते ३ मध्ये बसतात.

व्यवहारात सांगायचं तर एक धावपट्टी, एक बैठी इमारत आणि दिवसाला मोजकी विमानं. इमारतीच्या एका दारातून आत यायचं आणि दुसऱ्या दारातून चालत विमानापाशी जायचं. धावपट्टी डांबरीच असते असंही नाही. अलास्कात आणि कॅनडाच्या उत्तर भागात खडीच्या धावपट्ट्या सर्रास दिसतात. स्कॉटलंडच्या बॅरा नावाच्या बेटावर तर नियमित प्रवासी विमान समुद्राच्या पुळणीवर उतरतं. भरतीच्या वेळी धावपट्टी पाण्याखाली जाते, म्हणून तिथलं वेळापत्रक ओहोटी पाहून ठरतं. विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, फडकत असला की पुळणीवर फिरायचं नाही, एवढं तिथल्या सगळ्यांना ठाऊक असतं.

धावपट्टी किती लांब हवी?

हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात, आणि नेमका उलट्या टोकाने विचारतात. आधी विमान ठरवायचं, मग धावपट्टी.

ट्विन ऑटर हे १९ आसनी विमान साधारण चारशे मीटरमध्येही काम भागवतं. नॉर्वेने १९६८ पासून किनाऱ्यालगतच्या लहान गावांसाठी छोट्या तळांचं जाळं विणलं. ब्रोन्नोयसुंड, सान्नेसशोएन, मो इ राना आणि नामसोस हे त्यातले पहिले चार. तिथल्या धावपट्ट्या साधारण ८०० मीटरच्या, आणि त्यांवर आज ३९ आसनी डॅश ८ विमानं चालतात. सत्तर-बहात्तर आसनी एटीआर ७२ ला समुद्रसपाटीवर, बेताच्या हवेत, पूर्ण वजनानिशी उडायला साधारण १,३०० मीटर लागतात. मोठं जेट आणायचं तर दोन किलोमीटरच्या पुढचा विचार करावा लागतो.

हे सगळे आकडे कागदावरचे. उंची वाढली की हवा विरळ होते, तापमान वाढलं की ती आणखी विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही उतरतो. त्यामुळे समुद्रकाठी हिवाळ्यात पुरणारी धावपट्टी पठारावर भर उन्हाळ्यात अपुरी पडते. मग विमान कंपनी काय करते? काही आसनं रिकामी ठेवून उडते. "विमानात जागा दिसत होती, तरी तिकीट दिलं नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

धावपट्टीच्या टोकापलीकडे मोकळी, सपाट जमीनही लागते. विमान घसरून पुढे गेलंच, तर ते तिथे थांबावं म्हणून. मोठ्या संकेतांकांच्या तळांना ही जागा किमान ९० मीटर हवी, आणि २४० मीटर असावी अशी शिफारस आहे. नकाशावर धावपट्टी मावते, पण ही जागा मावत नाही, असं डोंगराळ भागात वारंवार होतं.

इतकी विमानं नेमकी १९ आसनीच का असतात?

नियमामुळे. प्रवासी आसनं १९ च्या वर गेली की केबिन कर्मचारी ठेवावा लागतो. त्याचा पगार आणि त्याचं वजन, दोन्ही छोट्या विमानाला जड जातात. म्हणून ट्विन ऑटर काय, डॉर्निअर २२८ काय, सगळी १९ वर येऊन थांबली.

तिकीट खिडकीवर माझं वजन का विचारतात? मला अवघडल्यासारखं होतं.

अवघडू नका, तिथे सगळ्यांनाच विचारतात. मोठ्या विमानात सरासरी वजन धरून हिशेब केला तरी चालतो, कारण जाड-बारीक एकमेकांत जिरून जातात. आठ-दहा जणांच्या विमानात सरासरीवर भरवसा ठेवता येत नाही. एकूण वजन महत्त्वाचं आहेच, पण ते पुढेमागे कसं वाटलं गेलंय हेही तितकंच महत्त्वाचं. मागच्या बाजूला जास्त भार पडला तर विमानाचं नाक वर उचलू पाहतं आणि ते सांभाळणं अवघड होतं. म्हणूनच वैमानिक "तुम्ही पुढे बसा, तुम्ही मागे" असं सांगतो. खिडकीच्या जागेसाठी तिथे वाद घालून उपयोग नाही.

नियंत्रण मनोरा नसेल तर विमान उतरतं कसं? हे धोक्याचं नाही का?

मनोरा नसलेले तळ जगात भरपूर आहेत आणि त्यांची कामाची पद्धत ठरलेली आहे. त्या तळासाठी एक रेडिओ वारंवारिता नेमलेली असते. येणारा प्रत्येक वैमानिक त्यावर आपण कुठे आहोत, किती उंचीवर आहोत आणि काय करणार आहोत हे बोलून सांगतो, बाकीचे ऐकतात. तळाभोवती फेरी कुठल्या बाजूने आणि किती उंचीवर मारायची हेही आधीच ठरलेलं असतं.

काही ठिकाणी मधला मार्ग असतो. खाली बसलेला माणूस वारा, दाब, धावपट्टीवर काही आहे का, दुसरं विमान कुठे आहे, ही माहिती देतो. पण "उतरा" किंवा "थांबा" अशी आज्ञा देत नाही. निर्णय वैमानिकाचाच.

रात्रीची एक युक्ती मला फार आवडते. निर्मनुष्य तळावरचे दिवे वैमानिक आकाशातूनच लावतो. अमेरिकेत ठरलेल्या वारंवारितेवर माइकचं बटण पाच सेकंदांत तीन, पाच किंवा सात वेळा दाबलं की धावपट्टीचे दिवे मंद, मध्यम किंवा प्रखर होतात.

आता तिसरा पर्यायही रुळतो आहे. स्वीडनमधल्या ओर्नशोल्डस्विक विमानतळाची हवाई वाहतूक २०१५ पासून शंभर किलोमीटरहून जास्त दूर असलेल्या सुन्सवॉलमधून सांभाळली जाऊ लागली. खांबावरचे कॅमेरे सगळा तळ पडद्यांवर दाखवतात आणि नियंत्रक ते पाहून विमानांना परवानगी देतो. असा जगातला तो पहिला विमानतळ. नॉर्वेनेही पुढे बोडो इथल्या केंद्रातून अनेक लहान तळ सांभाळायला सुरुवात केली. दिवसाला दोन-चार विमानं येणाऱ्या प्रत्येक तळावर पूर्ण मनोरा आणि पाळ्यांमध्ये काम करणारी माणसं ठेवण्यापेक्षा हे परवडतं. मात्र तळावर नोकरी करणारी माणसं त्यामुळे कमी होतात, आणि लहान गावात चार नोकऱ्या जाणं ही किरकोळ गोष्ट नसते.

जरा ढग आले की उड्डाण रद्द. मोठ्या विमानतळावर तर विमानं उतरत असतात!

बरोबर आहे, आणि फरक वैमानिकाच्या हिमतीत नाही, जमिनीवरच्या यंत्रात आहे. मोठ्या तळांवर आयएलएस असते. धावपट्टीपाशी बसवलेले ॲन्टेना रेडिओ लहरींनी विमानाला दिशा आणि उतार दोन्ही दाखवत खाली आणतात. ही यंत्रणा बसवणं महाग, आणि सांभाळणं त्याहून महाग. तिची वेळोवेळी विमान उडवून तपासणी करावी लागते. लहान तळाला ते झेपत नाही. मग वैमानिकाला ठरावीक उंचीपर्यंतच खाली येता येतं. तोवर धावपट्टी दिसली नाही तर पुन्हा वर जायचं. भोवती डोंगर असतील तर ही उंची आणखी वर सरकते.

यावरचा उपाय आता आकाशातून आला आहे. उपग्रहांचे संकेत सुधारून विमानाला अचूक जागा सांगणाऱ्या यंत्रणा उभ्या राहिल्या: अमेरिकेची वास, युरोपची एग्नॉस, भारताची गगन. अशा मार्गदर्शनावर जमिनीपासून दोनशे फुटांपर्यंत उतरता येतं, आणि तळावर आयएलएसचे ॲन्टेना लागत नाहीत. भारतात गगनच्या आधारे विमान उतरवण्याची पहिली चाचणी एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगड या लहान विमानतळावर एटीआर ७२ विमानाने झाली. माझ्या मते ग्रामीण विमानसेवेसाठी गेल्या काही दशकांतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. नव्या टर्मिनलसारखी तिची फीत कापता येत नाही, म्हणून ती बातम्यांत कमी दिसते.

धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची एक ओळ असते, तिला पापी म्हणतात. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर उतार बरोबर. चारही लाल दिसले तर विमान फार खाली आलंय. साधी सोय आहे, पण रात्री काळोख्या मुलखात उतरताना ती सोन्याच्या मोलाची.

डोंगरातली विमानं सकाळीच का उडतात?

उन्हं चढली की दऱ्यांमध्ये वारे सुटतात आणि ढग शिखरांभोवती जमायला लागतात. नेपाळमधलं लुक्ला याचं टोकाचं उदाहरण. समुद्रसपाटीपासून सुमारे २,८४५ मीटर उंची, ५२७ मीटरची धावपट्टी, आणि तिला जवळपास १२ टक्के चढ. उतरायचं चढाच्या दिशेने, उडायचं उताराच्या दिशेने. दुसरा पर्याय नाही. दुपारचं तिकीट मिळालं तरी तिथे मुक्काम पडण्याची तयारी ठेवावी.

विमान दिवसातून दोनदा येतं, मग कर्मचारी बाकीचा वेळ काय करतात?

पहिलं विमान यायच्या बऱ्याच आधी गाडी धावपट्टीवर जाते. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नजर खाली. सुटलेला खडा, गंजका बोल्ट, तारेचा तुकडा, मेलेला पक्षी, रात्री कुंपणाखालून आलेल्या जनावराचे माग. पंख्याच्या पात्याला एक खडा लागला तरी विमान तिथेच अडकून पडू शकतं, आणि सुटा भाग मागवायचा तर तो पुढच्या विमानाने येणार! मग दिवे तपासायचे. इंधनाच्या टाकीच्या तळातून काचेच्या बरणीत नमुना काढून उजेडात धरायचा, कारण पाणी जड असल्याने खाली बसतं आणि बरणीत वेगळा थर दिसतो. गवताची उंची बघायची. पक्ष्यांना किती उंच गवत आवडतं यावर विमानतळांवर गंभीर चर्चा होतात.

शिवाय तिथे एकच माणूस तीन टोप्या घालतो. सामान तोलणारा, रेडिओवर वाऱ्याची दिशा सांगणारा आणि गरज पडली तर अग्निशामक गाडीत चढणारा माणूस अनेकदा तोच असतो.

अग्निशामक दल खरंच हवं का? मोठा खर्च तोच आहे म्हणतात.

हवंच. नेहमीच्या खर्चात त्याचा वाटा मोठा आहे हेही खरं. कुठल्या दर्जाचं दल हवं हे विमानाच्या लांबी-रुंदीवरून ठरतं, १ ते १० अशा श्रेणी आहेत. ट्विन ऑटरला तिसरी पुरते, एटीआर ७२ ला पाचवी लागते. पाचव्या श्रेणीपर्यंत एक गाडी चालते, सहावीपासून दोन. धावपट्टीच्या कुठल्याही भागात तीन मिनिटांच्या आत पोचलं पाहिजे, असा दंडक आहे. गर्दीच्या तीन महिन्यांतही सातशेहून कमी विमानं ये-जा करत असतील, तर एक श्रेणी खालचं दल चालतं अशी थोडी सवलत आहे.

म्हणजे मोठं विमान आणलं की नुसती धावपट्टी वाढून भागत नाही. गाडी वाढते, माणसं वाढतात, पाणी आणि फेस यांचा साठा वाढतो, आणि हा खर्च विमान येवो न येवो, चालू राहतो.

थोड्याशा अंतराचं तिकीट एवढं महाग कसं?

वैमानिक दोन लागतात, मग प्रवासी १९ असोत की १८०. उतरणं, उडणं, तपासणी, इंधन भरणं हा खर्चही अंतराप्रमाणे घटत नाही. तो थोड्या लोकांत वाटला जातो, एवढंच. त्यात लहान विमानं बनवणारे कमी झाले. प्रादेशिक सेवेत अजून राबणाऱ्या साब ३४० चं उत्पादन १९९९ मध्येच थांबलं. एटीआरने ८०० मीटरच्या धावपट्टीवर चालेल असं विमान आणायचं ठरवलं होतं, तो बेतही २०२४ मध्ये गुंडाळला. ट्विन ऑटर मात्र १९६५ पासून उडतं आहे आणि बंद पडलेलं त्याचं उत्पादन २०१० मध्ये पुन्हा सुरू झालं.

मग तोट्यातल्या सेवेला सरकारने पैसे का द्यायचे?

इथे मतभेद आहेत आणि ते राहणारच. आधी पद्धती पाहू.

अमेरिकेत १९७८ पर्यंत कुठली कंपनी कुठे उडणार हे सरकार ठरवत असे. ते बंधन उठलं तेव्हा छोट्या गावांची सेवा एका रात्रीत बंद पडेल अशी भीती होती, म्हणून त्याच कायद्यात आवश्यक हवाई सेवेची तरतूद झाली. ती आजही चालू आहे. युरोपात एखादा मार्ग सार्वजनिक सेवेचं बंधन असलेला म्हणून जाहीर करता येतो. किती फेऱ्या, किती आसनं, कमाल भाडं किती हे सरकार ठरवतं आणि निविदा मागवतं. भारतात उडान योजनेचं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला ते दिल्ली उडालं. सर्वांत कमी अनुदान मागणाऱ्या कंपनीला तीन वर्षं त्या मार्गाचा एकाधिकार मिळतो, आणि अनुदानासाठीचा पैसा मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार लावून उभा होतो.

निकाल काय? उडानबद्दल नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये दिलेला अहवाल डोळे उघडणारा आहे. तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच होऊ शकले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली, आणि त्यापुढे मार्च २०२३ पर्यंत टिकले ते ५४.

यावरून काही जण "योजना फसली" म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. तीन वर्षांत प्रत्येक मार्ग आपल्या पायावर उभा राहील, हे गृहीतच धाडसी होतं. नॉर्वेने छोट्या तळांवरच्या सेवेला दशकानुदशकं पैसा दिला आहे आणि तो कधी संपेल असं कुणी तिथे धरून चालत नाही. बेटावर राहणाऱ्याला दवाखान्यात जाण्यासाठी सोय हवी, हा खर्च पुलासारखा धरायचा की धंद्यासारखा, हे आधी ठरवावं लागतं. धंदा म्हणायचं असेल तर बरेच तळ बंदच करावे लागतील, मग तसं स्पष्ट सांगावं. पूल म्हणायचं असेल तर मुदत घालू नये. सध्या अनेक देश तोंडाने एक म्हणतात आणि निविदेत दुसरं लिहितात.

त्यापेक्षा चांगला रस्ता बरा नाही का?

अनेक ठिकाणी होय. मोठा विमानतळ गाडीने तीन तासांवर असेल, तर लोक तिथेच जातात. तिथे विमानं जास्त, तिकीट स्वस्त. लहान तळ ओस पडण्याचं हे मोठं कारण आहे.

पण रस्ता होऊच शकत नाही अशी ठिकाणंही आहेत. अलास्कातल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक वस्त्या रस्त्याच्या जाळ्याला जोडलेल्या नाहीत. किराणासुद्धा टपालाच्या योजनेतून विमानाने जातो. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे २.७ किलोमीटरचं उड्डाण अनुकूल वाऱ्यात मिनिटभरात संपतं. ऐकून हसू येतं, पण खाली समुद्र आहे.

रुग्णांसाठी याचा खरंच उपयोग होतो?

माझ्या मते सर्वांत मोठा उपयोग हाच, आणि प्रवासीसंख्येच्या तक्त्यात तो दिसत नाही. ऑस्ट्रेलियात जॉन फ्लिन यांच्या पुढाकाराने १७ मे १९२८ रोजी क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरीहून डॉक्टरला घेऊन पहिलं विमान उडालं. त्यातून पुढे रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस उभी राहिली. डॉक्टरला बोलावणार कसं, हा प्रश्न आल्फ्रेड ट्रेगर यांच्या पायाने चालवायच्या रेडिओने सोडवला. वीज नसलेल्या घरातूनही संदेश पाठवता येऊ लागला.

हेलिकॉप्टर असताना विमान कशाला, असंही विचारतात. हेलिकॉप्टर अपघाताच्या जागी उतरतं, पण त्याचा वेग आणि पल्ला कमी. पाचशे किलोमीटरवरच्या रुग्णालयात न्यायचं असेल तर विमानच हवं, आणि विमानाला रात्री दिवे लागलेली, जनावरं नसलेली धावपट्टी हवी.

आवाज आणि प्रदूषणाचं काय?

दिवसाला चार टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइनवर पंखा फिरवणाऱ्या, विमानांचा आवाज शेजारच्या हमरस्त्यापेक्षा फारसा जाणवत नाही. प्रशिक्षणाची विमानं दिवसभर घिरट्या घालू लागली की मात्र लोक वैतागतात, आणि ते रास्त आहे. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांत जाणारं निळसर एव्हिएशन पेट्रोल अजून बहुतेक ठिकाणी शिसंयुक्त आहे; अमेरिकेत ते २०३० पर्यंत हटवण्याचं उद्दिष्ट आहे. टर्बोप्रॉप जेट इंधनावर चालतं, त्यात शिसं नसतं.

विजेवरची विमानं आली की सगळं स्वस्त होईल म्हणतात?

कमी अंतराची उड्डाणं हेच विजेच्या विमानाचं पहिलं मैदान असेल, यात शंका नाही. दोन आसनी वेलिस इलेक्ट्रोला युरोपात २०२० मध्ये प्रमाणपत्र मिळालं. पण जेट इंधनाच्या एका किलोत साधारण १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते आणि बॅटरीच्या किलोत त्याच्या चाळिसाव्या-पन्नासाव्या हिश्श्याएवढी. शिवाय इंधन जळत जातं तसं विमान हलकं होतं, बॅटरी शेवटपर्यंत तेवढीच जड. त्यामुळे त्या भरवशावर आज नवा तळ बांधू नये.

आमच्या भागात विमानतळ होणार अशी घोषणा झाली आहे. आम्ही काय विचारावं?

धावपट्टी किती लांब, हे शेवटी विचारा. आधी विचारा की कुठली कंपनी कुठलं विमान आणणार आहे, आणि तसं विमान तिच्याकडे आज आहे का. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल असं वेळापत्रक आहे का? आठवड्यातून तीनदा येणाऱ्या विमानाभोवती कुणी आपलं काम आखत नाही. ढग असताना उतरण्याची सोय कोणती? रात्रीचे दिवे पहिल्या दिवसापासून असतील की "पुढच्या टप्प्यात"? अग्निशामक दलाचा पगार दहाव्या वर्षी कोण देणार?

वाऱ्याची नोंद किती काळ घेतली, हे नक्की विचारा. दक्षिण अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना बेटावरचा विमानतळ २०१६ मध्ये सुरू व्हायचा होता. चाचणी उड्डाणांत धावपट्टीजवळ वाऱ्याचा वेग आणि दिशा अचानक बदलतात असं आढळलं आणि नियमित सेवा ऑक्टोबर २०१७ पर्यंत लांबली, तीही आधी ठरवलेल्यापेक्षा वेगळ्या विमानाने. आणि धावपट्टी लांब आहे म्हणून कुणी फुशारकी मारली, तर स्पेनमधल्या सिउदाद रेआलचं नाव घ्या. चार किलोमीटरहून लांब धावपट्टी, २००८ च्या अखेरीस सुरू झालेला तळ, आणि एप्रिल २०१२ मध्ये कुलूप.